ड्यूटीवरील सिस्टरला

गुरुवार, ९ जानेवारी
साकेत नगर, भोपाळ. वॉर्डातून, दुपारी सव्वाचार

कमलिनी,

आधी 'प्रिय' लिहून खोडलं. मग 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होते, तेही राहू दिलं. माझ्याकडून तुला त्यातलं काहीच नको असणार. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील, आणि तुझ्या उपकेंद्राचा फोन लागतच नाही, म्हणून हा कागद. लसीच्या गाडीवरचा नीळकंठ पाच वाजता बैतूलला निघतोय. मुलताईचा, आपल्याशी मराठी बोलायचा, तोच. उद्या सकाळी लसीच्या पेटीबरोबर हे पत्र तुझ्या हातात देईन असा शब्द त्यानं दिलाय.

कामाचं आधी. पाच महिन्यांचा मुलगा, आईचं नाव सुगरती, गाव आंबाढाना. तुझ्याच हद्दीतलं गाव, तुझ्याच कोरकूंतलं घर. न्यूमोनिया. सोमवारी आला तेव्हा श्वास मिनिटाला बहात्तर, छाती आत ओढली जात होती, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन चौऱ्याऐंशी. आज सकाळी श्वास छप्पन्नवर आला होता. अर्ध्या लिटर ऑक्सिजनवर छान होता, दूध ओढायला लागला होता. सात दिवसांच्या इंजेक्शनांपैकी तीनच दिवस झालेत. आज दुपारी दोन वाजता, शिफ्ट बदलताना आम्ही एकमेकींना ओव्हर देत होतो तेव्हा, आईनं त्याच्या नाकातली नळी काढली, पायाला लावलेला सॅच्युरेशनचा लाल दिवा काढून गादीवर नीट ठेवला, आणि बाळाला शालीत गुंडाळून निघून गेली. सासू गेटपाशी होती, तीही गेली. डाव्या हातात सलाईनची सुई तशीच आहे. ती आधी बघ, पिकली असेल.

आता थंडी किती आहे तुला माहीत आहे. चार-पाच तासांची बस, वर तुमच्या घाटातली जीप. बाळ घरी पोचलंच तर रात्रभर चुलीच्या धुरात असेल. मी मोबाईलवर सारखी वेळ बघतेय आणि कुठल्या वेळी ते कुठे असतील याचा हिशेब करतेय.

का गेली ते देव जाणे. या बायकांचं तुला माहीतच आहे, यांना कितीही करा...

हे वाक्य तुलाच, एका कोरकू मुलीलाच, लिहिलं गेलं. खोडत बसायला वेळ नाही, नीळकंठ हॉर्न वाजवतोय. तू जा. माझ्यासाठी नको जाऊस. बाळासाठी जा.

रत्नप्रभा बोकारे
सिस्टर इनचार्ज, बालरोग वॉर्ड


शुक्रवार, १० जानेवारी
बाग सेवनिया, घरी

कमलिनी,

कालचं पत्र आतापर्यंत मिळालं असेल. मिळालं असेल ना? नीळकंठचा फोन बंद येतोय. हे पत्र बैतूलच्या बसच्या कंडक्टरकडे देणार आहे, तो तुमच्या तिठ्यावरच्या मेडिकल स्टोअरवर टाकेल. तिथून कोणी ना कोणी तुझ्याकडे येतंच.

काल मी लिहिलं, का गेली ते देव जाणे. देवाला कशाला मधे घालायचं? मला माहीत आहे.

बाळाच्या पोटावर डंबे होते. बेंबीच्या भोवती पाच, तापलेल्या विळ्याच्या टोकानं दिलेले, खपली धरलेले. सोमवारीच दिसले होते. तीन दिवस मी काही बोलले नाही, कारण बाळ धापत होतं आणि माझे हात रिकामे नव्हते. गुरुवारी त्याला बरं वाटायला लागलं आणि माझ्या तोंडाला फुरसत मिळाली. राउंड चालू होता. डॉक्टर आशय म्हणून नवा मुलगा आलाय, हुशार आहे, अजून पोरगेलाच आहे. त्यानं विचारलं, सिस्टर, हे कशाचे डाग? मी त्याला बाजूला नेऊन सांगू शकले असते. पण मी सगळ्यांसमोर सुगरतीवर चढले. हिंदीत, मोठ्यांदा, कारण तिला हिंदी कमी येतं आणि आवाज चढवला की भाषा कळते असा आपल्या वॉर्डाचा जुना समज आहे.

"किसने दागा? सास ने? बता, नहीं तो पुलिस आएगी. सीधे जेल."

तिनं पदर तोंडावर घेतला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "कैसी माँ है, बच्चे को जला दिया." आणि त्या बाईला मी गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. आपल्या बाजूनं कोणी बोललं की वाटतं तसं.

अजून आहे. सासूला मी पहिल्या दिवसापासून वॉर्डाबाहेर ठेवलं होतं. एक पेशंट, एक अटेंडर, आपला नियम. म्हातारी म्हणू नये, माझ्याच वयाची असेल. बुधिया नाव. ती चार दिवस गेटजवळच्या झाडाखाली गोधडी अंथरून बसली होती. सुगरतीला बाथरूमला जायचं तर बाळाला धरायला कोणी नाही. मी म्हणायची, "जा, सिस्टर देखेगी." ती जायची नाही. पोट आवळून बसून राहायची. बुधवारी तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं आणि मी तिला म्हटलं, किती हट्टी आहेस ग तू. सिस्टरवर बाळ का सोडत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू असतीस तर तिला बाथरूमपर्यंत घेऊन गेली असतीस आणि सासूच्या मांडीवर बाळ दिलं असतंस आणि मी तुला नियम दाखवला असता.

डागांचा आणि बाळ पळवल्याचा कागद पोलीस चौकीत गेलाय. लिहिला आशयनं, लिहायला लावला मी. आज सकाळी ड्यूटीच्या आधी मी चौकीत जाऊन आले. म्हटलं, थांबवा. हवालदार चांगला माणूस आहे, चहा पाजला. म्हणाला, "सिस्टर जी, कागज तो चल पड़ा. सोमवार तक उधर के थाने पहुँचेगा, फिर वो लोग गाँव जाएँगे." पोलिसांची गाडी आंबाढान्यात शिरली की काय होईल ते तूच मला एकदा सांगितलं होतंस. सगळं गाव शेतावरच्या झोपड्यांमध्ये जाईल आणि बाळ कुणालाच सापडणार नाही. सोमवारच्या आत पोच ग.

घरी आले तर आमचे अरविंद खुर्चीत पेपर छातीवर घेऊन डुलकी घेत होते. मी घड्याळ लावून त्यांचा श्वास मोजला. सोळा. मग शेजारच्या केतकीची मुलगी अंगणात खेळत होती तिचा मोजला. हे मी काल दुपारपासून करतेय. थांबवता येत नाही.

रत्नप्रभा


शनिवार, ११ जानेवारी
बाग सेवनिया

कमलिनी,

नीळकंठ परत आला. म्हणाला, तू पत्र उभ्याउभ्या वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस, त्याला पाणी दिलंस, आणि औषधांची पेटी घेऊन मोटारसायकलवर बसलीस. त्याला काही विचारलं नाहीस, काही सांगितलं नाहीस. "बोकारे सिस्टर कशा आहेत एवढंही नाही," असं तो म्हणाला.

गेलीस. एवढं मला पुरे आहे, असं लिहिणार होते. पण पुरे नाही. त्यानंतर कालचा अख्खा दिवस आणि आजचा अर्धा गेला, काही निरोप नाही. तुझ्या ब्लॉकच्या दवाखान्यात फोन केला तर ते म्हणतात, फिल्डवर आहेत. फिल्डवर म्हणजे बाळाजवळ, की शोधत फिरतेय? मिळालं का? मिळालं तेव्हा श्वास चालू होता का? हे मी विचारतेय आणि तू उत्तर देणार नाहीस हेही मला कळतंय, तरी हात चालतोय.

हे पत्र कोणाबरोबर पाठवायचं ते ठरलेलं नाही. सोमवारी नीळकंठची गाडी आहे. तोवर माझ्या पर्समध्ये राहील. म्हणून यात ते लिहिते जे बसच्या कंडक्टरच्या हातात दिलं नसतं.

दोन वर्षांपूर्वीची ती बाई. तीही कोरकू, खालवा भागातली. बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती, कपडा काढू देत नव्हती, आणि बाळ निळं पडत चाललं होतं. मी तुला म्हटलं, "कसंही कर कमलिनी, पण मला त्याची छाती दिसली पाहिजे." तू तिच्याशी तुमच्या बोलीत दोन शब्द बोललीस. ती ऐकेना. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी समजले आणि खाटेभोवतीचा पडदा मी ओढला. मी माझ्या हातानं. आत तू युनिफॉर्मचा कुडता वर केलास आणि तिला आपल्या पोटावरचे डंबे दाखवलेस. सहा. तुझ्या आजीनं दिलेले, तू दोन महिन्यांची असताना. ती बाई बघत राहिली, मग तिनं तुझ्या पोटाला हात लावला आणि रडायला लागली आणि बाळ तुझ्याकडे दिलं. दहा मिनिटांत ऑक्सिजन लागला. बाळ जगलं.

आणि त्याच वेळी मेट्रन मॅडम पाहुण्यांना वॉर्ड दाखवत होत्या आणि त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. युनिफॉर्ममध्ये असभ्य वर्तन. तुला मेमो आला. तू उत्तरात लिहिलंस, इनचार्ज सिस्टर हजर होत्या, त्यांच्या सांगण्यावरून केलं. मला विचारलं गेलं. मी एक ओळ लिहून दिली: मी त्या वेळी स्टोअरमध्ये होते.

त्या एका ओळीनं तू खोटारडी ठरलीस. माझ्या प्रमोशनची फाईल वर गेली होती, हे कारण आहे. भित्री आहे मी, हे त्याहून खरं कारण आहे. तू आमच्या वरच्या खोलीत राहायचीस, मला काकू म्हणायचीस, माझ्या हातची पातळ भाजी चाटून पुसून खायचीस. तू राजीनामा दिलास आणि ट्रंक भरलीस तेव्हा मी देवघरात जाऊन बसले. स्टेशनवर अरविंद सोडायला आले. त्यांनी मला त्यावर एक अक्षर विचारलं नाही आणि दोन वर्षांत विसरलेही नाहीत. आज मी हे पत्र लिहायला बसले तर म्हणाले, "तिला लिहितेस ते ठीक आहे. पण तिला तर सगळं माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना कधी लिहिणार?"

मी त्यांना म्हटलं, चहा हवा का? असं आहे माझं.

आणखी एक. हे तुलाही माहीत नाही. आमच्या परागच्या छातीवर डाव्या बाजूला दोन काळे गोल डाग आहेत. तू त्याला बनियनवर शंभरदा पाहिलं असशील, तुझं लक्ष गेलं नसेल. ते जन्मखुणा नाहीत. तो सात महिन्यांचा असताना त्याला कफ झाला, बरगड्या उडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, डबा झालाय पोराला. त्यांनी बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर तापवला आणि त्याच्या छातीवर टेकवला. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. न्यूमोनियाचा धडा मला तोंडपाठ होता. मी पराग धरून बसले होते, हलू नये म्हणून. नंतर त्याला दवाखान्यात नेलं, तिथल्या सिस्टरनं डाग पाहिले आणि हसून म्हणाली, "अरे, दादी का नुस्खा!"

सत्तावीस वर्षं आम्ही त्याला घरगुती उपाय म्हणतो. सुगरतीच्या सासूनं केलं तर मी जेल म्हटलं. हे मला परवा वॉर्डात सुचलं नाही. काल अंघोळीनंतर पराग केस पुसत खोलीतून गेला तेव्हा सुचलं, आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं.

बाळ मिळालं का, कमलिनी?

रत्नप्रभा


सोमवार, १३ जानेवारी
वॉर्डातून, दुपारी तीन

कमलिनी,

आलं. सकाळी साडेदहाला अँब्युलन्स आली. मी राउंडमध्ये होते, स्ट्रेचरचा आवाज ऐकून वळले तर सुगरती. बाळ शालीत. मी तिथेच, सगळ्यांसमोर, घड्याळ काढून श्वास मोजायला लागले, आशय म्हणाला, "सिस्टर, पहले अंदर तो आने दीजिए."

चौसष्ट. छाती थोडी ओढली जातेय. सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी. शुक्रवारपासून इंजेक्शनं चुकली नाहीत, म्हणून एवढ्यावर आहे. रोज दोन वेळा आंबाढान्याच्या शेतावर जाऊन तू ती दिलीस, हे तुझ्या रेफरच्या चिठ्ठीवर तारीख-वेळेसह लिहिलेलं आहे. सलाईनची सुई तू शुक्रवारीच काढलीस. जागा स्वच्छ आहे. एवढं असूनही ऑक्सिजन लागणार म्हणून तू त्यांना परत पाठवलंस, त्याच दवाखान्यात जिथून ते पळाले होते. कसं समजावलंस? पुन्हा कुडता वर केलास का?

चिठ्ठी हिंदीत आहे, छापील रकाने तू हिंदीत भरलेत. पण खाली, सहीच्या वर, मराठीत लिहिलंयस. वॉर्डात मराठी कळणारी मी एकटी. वर लिहिलंय, 'ड्यूटीवरील सिस्टरला'.

ते मी इथे पुन्हा उतरवते, कारण चिठ्ठी फाईलला लागेल आणि मला ते माझ्याजवळ हवंय:

"सासूला बाळाजवळ बसू द्यावे. नळी बाळाला लावण्याआधी तिच्या हातात द्यावी, तिला पाहू द्यावी. आई बाहेर जाईल तेव्हा बाळ सासूच्या मांडीवर राहील, दुसऱ्या कोणाच्या नाही. पोटावरच्या डागांबद्दल विचारू नये, मी विचारले आहे. पुन्हा डंबा देणार नाही असे त्यांनी म्हटलेले नाही. पुढच्या वेळी आधी माझ्याकडे येऊ असे म्हटले आहे. आज एवढेच पुरेसे आहे."

मी वाचलं आणि बुधियाला बोलवायला स्वतः गेटवर गेले. ती त्याच झाडाखाली, तीच गोधडी. मला बघून उठली आणि चालायला लागली, उलट्या दिशेला. मी मागे धावले. पन्नाशीची बाई, पायात वॉर्डातल्या चपला, हॉस्पिटलच्या रस्त्यावर धावतेय! ऑटोवाले बघत होते. मी म्हटलं, "अम्मा, अंदर चलो. बच्चे के पास बैठो." ती म्हणाली, "तू ही तो भगाई थी." मी म्हटलं, "हाँ."

आत येऊन मी नळी तिच्या हातात दिली. तिनं ती आपल्या नाकाशी धरली, फुंकर कशी येते ते पाहिलं, गालाला लावून पाहिली. दोन मिनिटं लागली. मी आकडा बघत उभी होते, बाळ अठ्ठ्याऐंशीवर होतं. मग तिनं मान हलवली आणि नळी तिनंच त्याच्या नाकाला लावली. मी फक्त चिकटपट्टी दिली. त्र्याण्णव झालं, पंच्याण्णव झालं.

पण माझ्याशी ती बोलत नाही. मी खाटेजवळ गेले की पाठ करते. सुगरती इंजेक्शनाच्या वेळी माझ्याकडे न बघता बाळाचा पाय तन्वीकडे देते, तन्वी म्हणजे आमची नवी पोरगी. तन्वीच्या हातून घ्यायला हरकत नाही, पण मी जवळ आले की त्या दोघी एकमेकींकडे सरकतात. थाना पण मधे आहेच. बाळ इथे आहे हे कळलं की उद्या-परवा कोणी इथेच येईल. तो आला आणि पुन्हा पळाल्या तर यावेळी बाळाचं काही खरं नाही. शनिवारचं पत्रही आज यासोबत देतेय.

रत्नप्रभा


बुधवार, २२ जानेवारी
बाग सेवनिया

कमलिनी,

बाळ आज दुपारी घरी गेलं. जाताना मी पूर्ण मिनिट श्वास मोजला. अडतीस. ऑक्सिजन रविवारपासून बंद आहे. औषधाची बाटली, मोजायचं झाकण, कागदावर सूर्य-चंद्र काढून दिलेत, सुगरतीनं मला ते तीनदा म्हणून दाखवलं. मला. आता ते कसं झालं ते सांगते.

गेल्या गुरुवारी थान्याचा माणूस येणार असा चौकीतून फोन आला. मी घाबरले. घाबरले की मी घरी फोन करते, आणि पराग नेमका सुट्टीवर, त्याला म्हटलं डबा घेऊन ये, मी काही खाल्लं नाहीये. तो पोळी-भाजी घेऊन वॉर्डाच्या दारात उभा राहिला. मला काय सुचलं कोणास ठाऊक. मी त्याला हाताला धरून बुधियासमोर नेलं आणि म्हटलं, "पराग, शर्टाची वरची बटणं काढ."

"आई, इथे?"

"काढ रे."

सत्तावीस वर्षांचा घोडा लाजून लाल झाला. शेजारच्या बायका पदरात हसायला लागल्या. त्यानं बटणं काढली. बुधियानं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं, मग त्याच्या छातीकडे. उठली. त्या काळ्या डागांवर बोट ठेवलं, जाणकार माणसासारखं, हे विळ्याचे नाहीत हे ओळखलं, आणि म्हणाली, "हँसिये का नहीं है."

"नहीं. बिब्बे का. मेरी सास ने लगाया. इसकी पसली चल रही थी."

"और तू?"

"मैं पकड़ के बैठी थी."

तिनं परागकडे वर-खाली पाहिलं. "बच गया."

"सुई लगी, तब बचा," मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही एवढं ठरवलं होतं. "दाग से नहीं बचा, अम्मा. दाग तो बस रह गया."

तिनं बोट काढून घेतलं. पराग बटणं लावत होता. मग तिनं अगदी साधेपणानं, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तेरी सास को पुलिस ले गई थी?"

कमलिनी, पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "नहीं."

ती खाली बसली आणि बाळाचं टोपडं नीट केलं. मी तिथून निघाले, तन्वीला म्हटलं वॉर्ड बघ, आणि तडक मेट्रन मॅडमच्या ऑफिसात गेले. उभ्यानंच कागद मागितला. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी परत फिरले असते. माझं मला माहीत आहे.

दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, की नऊ तारखेला बाळ पळवून नेलं गेलं नाही, मी आईला सगळ्यांसमोर जेलची धमकी दिली म्हणून ती गेली, आणि त्याच कुटुंबानं बाळ परत आणलं. याची एक प्रत थान्याच्या माणसाला दिली. तो संध्याकाळी आला. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि हळू बोलायला सांगितलं. बुधियाची बाजू ऐकताना मी शेजारी होते. त्यानं नावं लिहून घेतली, माझा कागद दोनदा वाचला, "साहब को दिखाता हूँ" म्हणाला आणि गेला. पुढचं अजून कळलेलं नाही. तुझ्या भागात कोणी आलंच तर माझा नंबर दे, मी येईन. बुधिया मात्र पळाली नाही. त्या रात्रीची सुई देताना सुगरतीनं बाळाचा पाय माझ्या हातात दिला.

दुसरी गोष्ट तुझ्या मेमोची. प्रत सोबत जोडली आहे, ऑफिसचा शिक्का आणि पोच नंबर वर आहे, नीट बघून घे. साध्या भाषेत लिहिलंय, मॅडम म्हणाल्या भाषा जरा ऑफिशियल करा, मी केली नाही. 'त्या वेळी मी स्टोअरमध्ये नव्हते. सिस्टर कमलिनी कासदेकर यांनी जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले. पडदा मी ओढला होता. त्या दिवशी बाळ त्यांच्यामुळे वाचले. आधीचे माझे निवेदन खोटे होते.' मॅडमनी वाचून चष्मा काढला. "बोकारे, रिटायरमेंटला आठ वर्षं आहेत तुमच्या." मी म्हटलं, हो.

चौकशी बसेल. पहिल्या तारखेपासून माझा इनचार्जचा चार्ज काढलाय, तो तन्वीच्या सीनियरकडे जाईल. तुला कदाचित पत्र येईल, बोलावणंही येईल. परत यायचं की नाही ते तुझं तू बघ. आंबाढान्याला तुझी गरज जास्त आहे असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. अरविंदांना मी प्रत दाखवली. त्यांनी वाचली, घडी केली आणि पहिल्यांदाच म्हणाले, "वरच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेऊ या का?" मी म्हटलं, घ्या. त्याचा अर्थ तू काही लावू नकोस, पंखा खरंच बिघडलाय.

सुगरती निघताना बुधियानं मला एक सांगितलं, ते पोचवते. म्हणाली, तुमच्या कमलिनीनं शेतावर आपलं पोट दाखवलं नाही. मीच फार विचारलं तेव्हा तिनं हे सांगितलं. तू तिला एवढंच म्हणालीस की भोपाळच्या वॉर्डात एक सिस्टर आहे, ती ओरडते, पण तिनं बाळ कधी सोडलं नाही. दोन वर्षांनंतर, माझं पहिलं पत्र खिशात असताना, तू माझ्याबद्दल हे म्हणालीस. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. या वेळी खरंच स्टोअरमध्ये होते.

तुझ्या चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं. बरोबरच होतं ते. पुन्हा कधी बाळ पाठवलंस तर पत्ता बदलू नकोस. तो चालेल.

— ड्यूटीवरील सिस्टर